टोपीच्या बिल्ल्यावरचा स्तंभ



१ जानेवारीला आपण भिवंडीहून भीमा कोरेगावला जातो, स्तंभाला मानवंदना देतो. पण हाच स्तंभ एकेकाळी सैनिकाच्या टोपीवर होता, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे?

१८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे त्या दगडावर कोरली आहेत. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने आपल्या माणसांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, आणि युद्ध सरल्यावर मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, बिल्ल्यावर दोन मशीनगन आल्या. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला, त्याजागी खंजीर आला.

म्हणून आम्ही एवढेच सांगतो : कोणाच्या ट्रंकेत आजोबांचे मेडल, पलटणीचा कागद, जुना फोटो असेल तर तो भंगारात जाऊ देऊ नका. मागे नाव, गाव, पलटण लिहून ठेवा. आपण नाही लिहिलं तर दुसरं कोण लिहिणार?

जयभीम!