चित्र मागताना काय लिहावं?

(फोरमच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर, सभेला येऊ न शकलेल्या सभासदांसाठी)



आजचा विषय वरवर पाहता छंदवर्गात शोभेल असा आहे. एआयकडून चित्र काढून घ्यायचं असेल तर प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला द्यायची सूचना, कशी लिहायची? सामाजिक कामाला मदत करणाऱ्या आपल्या गटात हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. कारण अगदी व्यावहारिक आहे. आपण महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी निधीचं आवाहन काढतो आणि प्रत्येक आवाहनाला एक चित्र लागतं. पूर्वी ते संस्थेकडून मागवावं लागे. कार्यकर्त्यांना वेळ नसे आणि आलेले फोटो बरेचदा धूसर असत. आता आपल्यापैकी कोणीही जेवणाच्या सुट्टीत दोन ओळी टाइप करून चित्र मिळवू शकतो. त्या दोन ओळींत काय लिहायचं, एवढंच आज बघू. उदाहरण एकच घेते आणि शेवटपर्यंत तेच ठेवते: ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेसाठी आवाहन.

आधी हे यंत्र काय करतं ते थोडक्यात. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण संपलं की पडद्यावर मुंग्या दिसायच्या, त्या आठवा. यंत्राला शिकवताना चांगल्या चित्रात अशा मुंग्या थोड्या थोड्या मिसळतात आणि त्या काढून टाकायला शिकवतात. कोट्यवधी चित्रांवर हा सराव झाला की त्याच्यासमोर नुसत्या मुंग्या ठेवायच्या आणि सोबत तुमचे शब्द द्यायचे. त्या शब्दांच्या रोखाने ते मुंग्या साफ करत जातं आणि एक चित्र उरतं. या पद्धतीला डिफ्यूजन म्हणतात. दर वेळी सुरुवातीच्या मुंग्या वेगळ्या असतात, म्हणून तेच शब्द पुन्हा दिले तरी चित्र वेगळं येतं. सगळी यंत्रं आज तंतोतंत याच पद्धतीने चालतात असं नाही, पण नवशिक्याला एवढं पुरतं.

आता मुख्य प्रश्न. कुठल्या शब्दाला कसलं चित्र, हे यंत्र कुठून शिकलं? इंटरनेटवरच्या चित्रांखाली लिहिलेल्या ओळींवरून. ओपनएआयचं क्लिप हे मॉडेल २०२१ साली आलं, ते चित्र आणि मजकुराच्या ४० कोटी जोड्यांवर शिकलेलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन ज्या लायन संग्रहातल्या निवडक भागांवर शिकलं, त्यात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या आणि त्यातल्या सुमारे २३२ कोटी इंग्रजीत होत्या. या ओळी लिहिल्या कोणी? फोटो विकणाऱ्या एजन्सींनी, वृत्तसंस्थांनी, पर्यटकांनी, दुकानदारांनी. ज्यांचे फोटो आहेत त्यांनी क्वचितच.

यातून नवशिक्याने लक्षात ठेवायची एकच गोष्ट निघते, आणि माझं सगळं भाषण तिच्याभोवतीच आहे. तुम्ही जे लिहीत नाही ते रिकामं राहत नाही. ती जागा यंत्र स्वतः भरतं, आणि त्याने जे जास्त वेळा पाहिलं आहे त्याने भरतं.

याचे पुरावे आहेत. रेस्ट ऑफ वर्ल्ड या नियतकालिकाने २०२३ मध्ये मिडजर्नीकडून 'एक भारतीय व्यक्ती' अशी शंभर चित्रं काढून घेतली. जवळपास सगळ्यांत दाढीवाला, वयस्क पुरुष आला. त्याच वर्षी ब्लूमबर्गने स्टेबल डिफ्यूजनची पाच हजारांवर चित्रं तपासली. जास्त पगाराच्या व्यवसायांत उजळ कातडीचे चेहरे जास्त आले, कमी पगाराच्या कामांत सावळे. आपल्या कामाला सर्वांत जवळचा प्रयोग 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला, तोही २०२३ चाच. संशोधकांनी मिडजर्नीकडे मागितलं की कृष्णवर्णीय आफ्रिकी डॉक्टर गोऱ्या आजारी मुलांवर उपचार करताहेत असं चित्र दे. त्यांनी शेकडो चित्रं काढून पाहिली. रुग्ण जवळजवळ प्रत्येक वेळी कृष्णवर्णीयच आले. म्हणजे स्पष्ट सांगूनही यंत्र जुन्या वळणावर जात होतं. न सांगता काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

आता आपलं आवाहन. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड कामगार कुटुंबं साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि हंगाम संपेपर्यंत शेताजवळ कोप्यांमध्ये राहतात. मुलांची गावची शाळा मध्येच सुटते. हे सगळं एका चित्रात आणायचं आहे. बहुतेक जण पहिल्यांदा काय लिहितील? 'गरीब भारतीय मुलगी'. तीन शब्द. जे चित्र येतं ते तुम्ही हजारदा पाहिलेलं असतं: चेहरा अगदी जवळून, मोठे पाणीदार डोळे, गालावर धूळ, फाटका कपडा, मागचं सगळं धूसर. शाळा नाही, ऊस नाही, आईबाप नाहीत. ती मुलगी काहीही करत नाही, फक्त आपल्याकडे बघते.

इथे गडबड 'गरीब' या शब्दात आहे. गरिबी ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. ती आपण काढलेला निष्कर्ष आहे. निष्कर्ष सांगितला की चित्र कसं असावं हे दुसरा कोणीतरी ठरवतो. 'सुखी', 'पारंपरिक', 'मागासलेलं', 'सुंदर' या शब्दांचंही तसंच. म्हणून सवय अशी लावून घ्या की खिडकीतून बघून फोनवर दुसऱ्याला सांगताना जे सांगाल, तेवढंच लिहायचं.

मी पाच प्रश्नांची उत्तरं लिहिते. कोण? काय करते आहे? कुठे? कुठून आणि कुठल्या उजेडात दिसतं? आणि चित्र कशाचं, रंगांचं, रेषांचं की फोटोसारखं? आपल्या उदाहरणात ते असं होईल:

'नऊ-दहा वर्षांची मुलगी, सावळा रंग, दोन घट्ट वेण्या लाल रिबिनींनी बांधलेल्या, निळा-पांढरा शाळेचा गणवेश. जमिनीवर सतरंजीवर बसून वहीत गणित सोडवते आहे, शेजारी तिचा लहान भाऊ पाटीवर अक्षरं गिरवतो आहे. मागे अर्धं तोडलेलं उसाचं शेत आणि उसाच्या वाळलेल्या पानांनी शाकारलेली, वाकून आत जावं लागेल इतकी बुटकी झोपडी. सकाळचं ऊन. मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, दोघंही पूर्ण दिसतील इतक्या अंतरावरून. मुलांच्या पुस्तकात असतं तसं जलरंगातलं चित्र.'

यात एकही अवघड शब्द नाही. 'अत्युत्कृष्ट', 'पुरस्कारविजेतं' असले शब्द लोक प्रॉम्प्टमध्ये भरतात, त्यांची आपल्याला गरज नाही. दोन जागा मात्र मुद्दाम दाखवते.

एक, मी 'कोपी' असं लिहिलं नाही, ती कशी दिसते ते लिहिलं. ज्या शब्दाखाली इंटरनेटवर पुरेशी चित्रं नाहीत, तो शब्द यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ नसतोच. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. तो शब्द तसाच दिलात तर चित्रात लोखंडी कोयता येण्याची शक्यता जास्त. चॅटजीपीटी किंवा जेमिनायला तुम्ही मराठीत लिहू शकता, पण भाषा कुठलीही असो, आपल्याकडच्या खास शब्दांचं वर्णन करून द्या.

दोन, 'डोळ्यांच्या उंचीवरून'. हे दोन शब्द गाळले तर कॅमेरा कुठे ठेवायचा ते यंत्र ठरवतं. लहान मुलाकडे वरून खाली पाहणारं चित्र मूल आणखी लहान आणि केविलवाणं करतं. मदत मागणाऱ्या जाहिरातींत ही युक्ती खूप जुनी आहे. आपल्याला ती नको असेल तर तसं लिहावं लागतं.

पुढे काय करायचं हे प्रयोगशाळेतल्यासारखंच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. उजेड, पोशाख आणि जागा एकदम बदललीत तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि प्रत्येक प्रॉम्प्टची निदान चार चित्रं काढून शेजारी शेजारी ठेवा. जे चारही चित्रांत सारखं आलं आहे आणि तुम्ही सांगितलेलं नाही, ते यंत्राने स्वतःहून भरलेलं आहे. चौघींच्या कपाळावर टिकली आहे का? चौघीही तुमच्याकडेच बघताहेत का? अशी यादी करा आणि ठरवा की यातलं काय राहू द्यायचं. पूर्वग्रह शोधण्याची याहून सोपी चाचणी मला माहीत नाही.

काही बारीकसारीक सूचना झटपट सांगते. 'हत्ती नको' असं लिहिलं की काही यंत्रांत हत्तीच येऊ शकतो, कारण त्यांना नकार नीट पेलत नाही. जे हवं ते लिहा. स्टेबल डिफ्यूजनमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे लिहिता येतं. दोन माणसांच्या कपड्यांचे रंग सांगितले की ते एकमेकांत मिसळू शकतात, म्हणून प्रत्येकाचं वर्णन वेगळ्या वाक्यात करा. देवनागरी अक्षरं चित्रात मागू नका. जोडाक्षरं आणि वेलांट्या बिघडू शकतात, तेव्हा शीर्षक नंतर हाताने टाका. हयात चित्रकाराचं नाव घेऊन 'त्याच्या शैलीत' मागू नका. ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव २०२२ मध्ये इतक्या प्रॉम्प्टमध्ये वापरलं गेलं की त्याने जाहीरपणे काळजी व्यक्त केली. वारली पद्धतीचं चित्र हवं असेल तर वारली चित्रकाराकडूनच घ्या, तेवढे डॉलर आपल्याकडे आहेत. आणि संस्थेने पाठवलेला खऱ्या मुलाचा फोटो या यंत्रांत परस्पर टाकू नका. तो आपल्याला विश्वासाने दिलेला असतो.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. काही सेवा तुमचा प्रॉम्प्ट जसाच्या तसा वापरत नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या डॅल-ई ३ मध्ये तुमची छोटी ओळ आधी भाषेचं मॉडेल वाढवून लिहीत असे आणि मग ती चित्राकडे जाई. म्हणजे रिकाम्या जागा भरणारा आणखी एक जण मध्ये आला. कंपन्या अशा वाटेने पूर्वग्रह दुरुस्त करायला जातात तेव्हा उलटंही होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनायने दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैनिक वेगवेगळ्या वंशांचे काढले आणि गूगलला माणसांची चित्रं काही काळ बंद ठेवावी लागली. संदर्भ ज्याला माहीत आहे त्यानेच तो लिहावा, हा धडा मला त्यातून दिसतो.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मी 'जलरंगातलं चित्र' का मागितलं? यंत्र हुबेहूब फोटोही देईल. पण देणगीदार फोटो पाहतो तेव्हा तो असं धरून चालतो की ही मुलगी कुठेतरी आहे आणि कोणीतरी तिच्यासमोर उभं राहिलं होतं. अस्तित्वात नसलेल्या मुलीचा फोटो दाखवून पैसे मागणं ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संस्थेवरही ही वेळ आली. कोलंबियातल्या २०२१ च्या आंदोलनांविषयीच्या मजकुरासोबत त्यांनी २०२३ मध्ये एआयची फोटोसारखी चित्रं वापरली, टीका झाली आणि ती काढून घ्यावी लागली. आंदोलकांची ओळख झाकायची होती, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कारण खोटं नाही. आपल्याकडेही मुलांचे चेहरे प्रसिद्ध करू नयेत असंच मला वाटतं. पण ओळख झाकायचं काम साधं रेखाचित्रही करतं, आणि ते पुरावा असल्याचा आव आणत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. आवाहनात एआयचं चित्र वापरायचं असेल तर ते चित्रासारखंच दिसू द्यावं आणि खाली एक ओळ छापावी: 'हे चित्र एआयच्या मदतीने काढलेलं आहे, यातली मुलं काल्पनिक आहेत.' जिथे पुरावा द्यायचा आहे, म्हणजे शाळा बांधली, पुस्तकं पोहोचली, तिथे खराच फोटो हवा, मग तो धूसर का असेना.

आणि छापण्याआधी ते चित्र तिथल्या शिक्षिकेला व्हॉट्सॲपवर पाठवून विचारा, 'ताई, असंच असतं का तिथे?' त्या सांगतील की मुली गणवेशात नसतात, किंवा अभ्यास संध्याकाळी होतो, सकाळी नाही, किंवा धाकटं भावंड पाटीजवळ नसतं, कडेवर असतं. त्या जे सांगतील ते प्रॉम्प्टमध्ये लिहा आणि पुन्हा चित्र काढा. पाच हजार मैलांहून अधिक अंतरावरून आपल्याला जे माहीत नाही, ते भरायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.