कळा थोड्या, कामे अनेक

(हिंगोली जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. आज हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत ठराव, दाखले व अहवाल संगणकावर तयार होतात. मात्र लहान लॅपटॉप हाती आला की अनेकजण गोंधळतात. अंकांचा उजवीकडील स्वतंत्र गट त्यावर नसतो, ‘होम’ व ‘एंड’ या कळा आढळत नाहीत आणि मराठी अक्षरे तर बहुधा छापलेलीच नसतात.

परंतु कळ दिसली नाही म्हणून तिचे काम अडत नाही. पुष्कळ लॅपटॉपांवर ‘एफएन’ कळीसह डावा बाण दाबला की ओळीच्या आरंभी आणि उजवा बाण दाबला की ओळीच्या शेवटी जाता येते. ‘कंट्रोल’सह ‘एस’ दाबल्यास मजकूर जतन होतो, ‘झेड’ दाबल्यास झालेली चूक मागे घेता येते व ‘एफ’ दाबल्यास लांबलचक यादीतील नाव क्षणात सापडते. विंडोज प्रणालीत मराठी कळफलक एकदा जोडून घेतला, की विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत येता येते.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट ही रचना आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात स्वर डाव्या हाताशी व बहुतेक व्यंजने उजव्या हाताशी येतात. ‘के’वर क आहे; ‘शिफ्ट’ दाबताच त्याच कळीवर ख मिळतो. ‘डी’ने अक्षराचा पाय मोडतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ अनेकांना सापडत नाही. तो ‘शिफ्ट’सह ‘जे’, मग ‘डी’ आणि नंतर तिरप्या रेघेची कळ या क्रमाने उमटतो.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण दाखल्यातील नावात एक अक्षर चुकले, तर दूरच्या गावातील मजुराला पुन्हा हेलपाटा पडतो आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. तो हक्क अखेर आपल्या बोटांवाटेच त्याच्यापर्यंत पोहोचतो.

म्हणून रोज एक जोडी शिका, ती कागदावर लिहून मेजावर लावा आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही शिकवा.