छोटं पिस्तूल निवडताना

मागच्या वेळी मी औषधांच्या विम्याबद्दल बोलले होते. त्यानंतर दोघी-तिघींचे फोन आले, पण विम्यासाठी नाही. "तुम्ही रात्री फार्मसी बंद करून एकट्या घरी येता, तुमच्याकडे पिस्तूल आहे म्हणे. आम्हाला घ्यायचं असेल तर कुठलं घ्यावं?" म्हणजे बातमी फुटलेलीच होती. आपल्या ह्यूस्टनमध्ये कुठलंही गुपित दोन पॉटलकांच्या पलीकडे टिकत नाही. तर आज त्याबद्दलच बोलते.

बंदूक असावी की नसावी, हा वाद मी इथे घालणार नाही. तो आमच्या घरातच अजून मिटलेला नाही. माझी अडचण साधी होती. रात्री साडेदहाला शटर ओढायचं, पाठीमागच्या अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत चालायचं, आणि औषधाच्या दुकानात कसल्या गोळ्या असतात हे सगळ्या जगाला ठाऊक. एकदा गाडीची काच फुटलेली सापडली आणि मग मी ठरवलं.

दुकानात जाण्याआधी तुमच्या व्हिसाकडे बघा. हे मी पहिल्यांदा सांगते, कारण आपल्या लोकांना हेच माहीत नसतं. तुम्ही एच-वन, एच-फोर, एल-वन किंवा विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही. रेंजवर भाड्याने घेऊन झाडणंसुद्धा त्यातच येतं. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. एका दुपारच्या हौसेपायी ग्रीन कार्डची रांग गमावायची नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर घेता येतं. डीलरकडून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर विचारतात की हे तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना. मैत्रिणीचं ग्रीन कार्ड आलं नाही म्हणून तिच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा गुन्हा आहे. तिथे आपला परोपकार चालत नाही.

आता पिस्तुलाकडे वळू. सबकॉम्पॅक्ट म्हणजे साधारण तीन ते साडेतीन इंच नळीचं, कपड्याखाली लपेल असं पिस्तूल. लपवायला लहान हवं आणि चालवायला मोठं हवं, हा यातला पेच. वजन कमी असलं की हाताला बसणारा धक्का वाढतो. मूठ आखूड असली की करंगळी हवेत लोंबते आणि पकड सैल होते. नळी लहान म्हणजे पुढच्या-मागच्या माशीतलं अंतर कमी, त्यामुळे नेमातली बारीकशी चूकही मोठी होते.

मला हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या दुकानातल्या माणसाने माझ्याकडे एकवार बघितलं आणि सगळ्यात चिमुकलं पिस्तूल काढून पुढे ठेवलं. .३८० कॅलिबर, वजन दहा औंसांच्या आत, म्हणजे पाव किलो साखरेच्या पुडीपेक्षा जरासं जास्त. "लेडीज लोकांना हेच आवडतं," म्हणाला. मी भाळले. रेंजवर दोन मॅगझिनं झाडली आणि अंगठ्याच्या बुंध्याला अशी कळ लागली की दुसऱ्या दिवशी कणीक मळवेना. तिसऱ्यांदा रेंजवर गेलेच नाही. ते पिस्तूल गेलं ड्रॉवरमध्ये, ओढण्यांच्या खाली. त्या ड्रॉवरची गोष्ट पुढे येतेच आहे.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. बहुतेक रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. तिथे एक सकाळ घालवा, चार-पाच प्रकार चालवून बघा, आणि विकत घ्यायचा निर्णय त्या दिवशी घेऊ नका. मी ग्लॉक २६ चालवलं. नव्वदीच्या दशकातलं मॉडेल, नाइन एमएम, दहा गोळ्यांचं. धक्का सोसवतो, पण अंगाने जाड आहे आणि कमरेला लावलं की कुर्त्याखाली फुगवटा दिसतो. मग सिग पी३६५. हे २०१८ मध्ये आलं आणि त्याने या बाजाराची गणितंच बदलली, कारण जेमतेम इंचभर रुंदीच्या पिस्तुलात त्यांनी दहा गोळ्या बसवल्या. मागोमाग स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस आलं. सगळी त्याच घराण्यातली. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीच्या नवऱ्याने पी३६५ घेतलं आणि तो खूश आहे. त्याचे पंजे मोठे आहेत, तो मोठं मॅगझिन लावून करंगळीला जागा करून घेतो.

मला मात्र त्याची स्लाइड ओढताना झगडावं लागलं. स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग, तो मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी नळीत जात नाही. लहान पिस्तुलांची स्प्रिंग सहसा ताठ असते. माझ्या अंगठ्याला संधिवाताची सुरुवात आहे, हे मी दुकानात लाजेने बोलले नव्हते. तुम्ही तसं करू नका. प्रशिक्षक बाईंनी आधी युक्ती शिकवली: चिमटीत धरून ओढायचं नाही, चार बोटं आणि तळवा वरून टाकून स्लाइड घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. निम्मा प्रश्न तिथेच सुटला. उरलेल्या निम्म्यासाठी मी शील्ड ईझेड घेतलं, २०२० मध्ये आलेलं नाइन एमएम. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवली आहे, मॅगझिन भरायलाही सोपं आहे, आणि मुठीमागचं सेफ्टी बटण दाबल्याशिवाय ते झडत नाही. काटेकोर बघितलं तर ते सबकॉम्पॅक्टपेक्षा जरा मोठंच आहे, गोळ्या आठ. पण मी ते चालवू शकते, आणि महिन्यातून एकदा रेंजवर न्यायला मला भीती वाटत नाही. माझ्या मते निवडीची कसोटी एवढीच: तुम्ही त्याच्याबरोबर सराव कराल का?

पैशांचं सांगते. पिस्तूल चारशे ते सहाशे डॉलरपर्यंत, चांगलं होल्स्टर साठ ते शंभर, सरावाच्या पन्नास गोळ्यांचा डबा पंधरा-वीस डॉलर. सरावाला साध्या गोळ्या चालतात, बाळगताना पोकळ टोकाच्या वापरतात. त्या तुमच्या पिस्तुलात न अडकता चालतात ना, हे त्यांचे दोन-तीन डबे झाडून बघा. नेमका इथेच लोक हात आखडता घेतात.

होल्स्टरबद्दल आपल्या बायकांना वेगळं सांगायला हवं. इथली सगळी पुस्तकं जीन्स आणि जाड पट्टा धरून लिहिलेली असतात. सलवारीच्या नाडीवर पिस्तूल राहत नाही, आणि साडीवर तर विचारूच नका. कुर्त्याखाली पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, पण त्यात चापावर टणक आवरण आहे असाच घ्या. चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे. नुसत्या कापडातून चाप दाबला जाऊ शकतो.

आणि पर्स? मी पर्सच्या विरोधात आहे. एका घरी गणपतीच्या आरतीला गेले होते. बेडरूममधल्या पलंगावर वीस-पंचवीस पर्सेसचा ढीग आणि त्याच पलंगावर चार पोरं उड्या मारत होती. माझं पिस्तूल त्या दिवशी घरी तिजोरीत होतं. तरी मी आरती संपेपर्यंत त्या दाराकडेच बघत होते.

आता तो ड्रॉवर. पहिलं पिस्तूल त्यात पडून होतं तेव्हा माझी आई साताऱ्याहून आली होती, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिने. आईंना रिकामं बसवत नाही, कपाटं आवरायला घेतात. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. ती दारात उभी राहिली. दोन बोटांत ते धरलेलं, नळी स्वतःच्या पोटाकडे. "अगं, हे पोराचं खेळणं इथं ओढण्यांत कसं? कुठं ठेवू?" त्यात गोळ्या भरलेल्या होत्या. मी म्हणाले, "आई, ओट्यावर ठेव. हळू. आणि हात काढ." तिने ठेवलं. मग मला विचारलं, "पोळ्या लाटून देऊ का?" तिला मी खरं काय ते चार दिवसांनी सांगितलं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि तो ड्रॉवर त्याच्या छातीच्या उंचीवर होता.

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हा आहे. पण मी तिजोरी आणली ती कायद्यासाठी नाही. बोटांनी आकडे दाबायची छोटी तिजोरी, जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेली. आकडा घरात मला एकटीलाच माहीत. आई-वडील, सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येतात तेव्हा ते त्यांच्यासाठीही बरं, कारण बाळगायला बंदी त्यांनाही लागू आहे. आणि घरात कुणी खचलेलं असेल, विशेषतः वयात आलेलं मूल, तर मी म्हणेन आत्ता आणूच नका. असेल तर काही दिवस घराबाहेर ठेवायची सोय करा. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. ९८८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

परवान्याचं थोडक्यात. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक २१ वर्षांवरच्या लोकांना परवान्याशिवाय बाळगता येतं. तरीही मी परवाना काढला. चार ते सहा तासांचा वर्ग, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, २५० पैकी १७५ गुण लागतात. त्या वर्गात कळतं की आपल्याला किती येत नाही. शाळेच्या इमारतीत नेता येत नाही, आणि आपली मराठी शाळा रविवारी शाळेच्याच इमारतीत भरते हे ध्यानात ठेवा. पोस्टातही नाही. दारावर ३०.०६ किंवा ३०.०७ अशी पाटी दिसली तर ती नीट वाचा. माझ्या कामाच्या ठिकाणी आत न्यायला मनाई आहे, म्हणून ते गाडीत, सीटला तारेने जखडलेल्या डब्यात राहतं. पार्किंगमधली ती चाळीस पावलं अजूनही मी रिकाम्या हातानेच चालते. नवरा यावर हसतो, आणि मला त्याला उत्तर देता येत नाही. आता एक सहकारी गाडीपर्यंत सोबत येतो, आणि खरं सांगायचं तर जास्त उपयोग त्याचाच झाला.

राज्य बदललं की कायदा बदलतो. दिवाळीला न्यू जर्सीत भावाकडे निघालात तर पिस्तूल घरीच ठेवा. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही, मॅगझिनही दहा गोळ्यांपेक्षा मोठं चालत नाही.

आणि भारतात जाताना एक काम करा. रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला घेऊच नका. घेतलीच तर उलटी करून, कप्पे चाचपून, अस्तराच्या आतपर्यंत बघा. एखादं काडतूस कोपऱ्यात राहतं, आणि पुण्याच्या किंवा मुंबईच्या विमानतळावर ते क्ष-किरणात दिसतं. तिथे आर्म्स अॅक्टखाली बिनपरवाना काडतूस सापडणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही कितीही वेळा "चुकून राहिलं हो" म्हणा. मी माझ्या रेंजच्या बॅगेवर लाल चिकटपट्टी लावली आहे आणि ती गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. आई पुन्हा आली तेव्हा तिने तीही आवरायला घेतली होती, पण या वेळी आधी विचारलं.