बाकावरचा मुलगा

आमच्या जालन्यात मुलाच्या हाती आधी बॅट येते. इथलाच विजय झोल २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. मग बास्केटबॉलकडे कोण वळणार? तरी दहा-बारा मुलं येतात. उन्हाळ्यात सिमेंटचं मैदान लवकर तापतं, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचलाच सुरुवात करतो.

या खेळात पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एका अंतिम सामन्यात आमच्या सर्वांत उंच मुलाचे चार झाले होते. त्याला बसवायला हवं होतं. जिंकण्याच्या हव्यासापोटी मी बसवलं नाही. पाचवा फाउल झालाच. त्याच्या जागी जो उतरला, त्याला मी वर्षभरात धड दोन मिनिटंही खेळवलं नव्हतं. त्याचे हात थरथरत होते. आम्ही तीन गुणांनी हरलो.

परतताना एसटीत तो हळूच म्हणाला, "सर, मला आधी उतरवलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१८९१ मध्ये हा खेळ शोधणारे जेम्स नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक असताना जिंकले त्याहून अधिक सामने हरले. हे वाचून धीर आला, पण चूक माझीच होती. बदली खेळाडू कितीही वेळा उतरवता येतो, ही मुभा मी वापरलीच नव्हती. आता पहिल्या अर्ध्या वेळातच बाकावरचा प्रत्येक मुलगा मैदानात उतरतो. काही सामने त्यापायी गेले.

तो मुलगा मात्र टिकला. हल्ली पहाटे माझ्या आधी येऊन मैदान झाडून ठेवतो.