मुलांचा गेम आणि आईबाबा

मूल नवा मोबाइल गेम मागतं, तेव्हा आधी प्ले स्टोअरवर त्याची वयोमर्यादा पाहा. ३, ७, १२, १६ किंवा १८ वर्षांपुढील, असं तिथे नोंदलेलं असतं. गुगलच्या ‘फॅमिली लिंक’ या ॲपमधून रोजचा वेळही ठरवून देता येतो.

फसगत होते ती पैशांत. गेम फुकट मिळतो, पण आतली नाणी, पोशाख, हत्यारं विकत घ्यावी लागतात. म्हणून प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करा, आणि तो मुलांना सांगू नका. अनोळखी खेळाडूंशी गप्पांची सोय असेल, तर तीही बंद ठेवा.

मात्र नुसत्या कुलपांनी भागत नाही, असं मला मनापासून वाटतं. आज संध्याकाळी मुलाशेजारी बसा आणि त्याचा गेम त्याच्याकडूनच शिकून घ्या.