मृत्यूची नोंद आणि तिची नक्कल

(नभोवाणीवरील भाषण)



जळगाव शहरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या असोदा या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाले ते बहिणाबाई चौधरी यांच्यामुळे. 1880 साली महाजनांच्या घरात त्यांचा जन्म झाला तो याच गावी, आणि तो दिवस नागपंचमीचा होता असे आजही सांगितले जाते. त्यांचे देहावसान मात्र असोद्यास झाले नाही. विवाहानंतर त्यांचा सारा संसार जळगावी झाला आणि 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावीच त्यांनी देह ठेवला. आता अशाच एखाद्या असोद्याच्या लेकीच्या मृत्यूचा दाखला तिच्या वारसाला हवा झाला, तर तो बिचारा पहिली खेप बहुधा असोद्याच्या ग्रामपंचायतीत घालील, आणि ‘येथे अशी नोंद नाही’ हे उत्तर घेऊन परत फिरेल. त्या उत्तरात ग्रामसेवकाचा कसलाही दोष नाही. मृत्यूची नोंद माणसाच्या मूळ गावी होत नाही, शेतजमिनीच्या गावीही होत नाही. ज्या हद्दीत प्राण गेला त्या हद्दीच्या निबंधकाकडे ती होते. असोद्याचा शेतकरी जळगावच्या सरकारी रुग्णालयात वारला तर त्याची नोंद महानगरपालिकेच्या दप्तरी, आणि मुलाकडे राहावयास गेलेला बाप सुरतेस वारला तर ती सुरतेच्या दप्तरी. आपल्या खानदेशातील कितीतरी कुटुंबांचे एक पाऊल गावात आणि दुसरे सुरतेत असल्यामुळे ही एवढी गोष्ट आधी ध्यानात घेतली तरी निम्म्या हेलपाट्यांचे निवारण होईल.

ही दप्तरे कशी निर्माण झाली हे थोडे पाहिले पाहिजे, कारण आज नक्कल मागणाऱ्यास ज्या अडचणी येतात त्यांपैकी पुष्कळांचे मूळ त्यात आहे. 1886 साली जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदणीचा कायदा झाला खरा, पण त्याखालील नोंदणी ऐच्छिक होती. गावोगाव जन्ममृत्यूचे जे कागद तयार होत ते महसुली व पोलीस व्यवस्थेच्या अंगाने, गावकामगारांच्या हातून होत, आणि गाव नमुना नंबर 14 या नावाने ते आजही ओळखले जातात. सरकारला त्या वेळी जाणून घ्यावयाचे होते ते मुख्यत्वे साथीचे मान. 1896 साली मुंबईत प्लेग अवतरला, पुढे 1899-1900चा दुष्काळ आला, 1918 साली इन्फ्लुएन्झाने घरेच्या घरे ओस पाडली; अशा काळात ताप, देवी, पटकी, प्लेग, अतिसार, श्वासविकार, इजा या रकान्यांत किती माणसे पडली, हा आकडा गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला पोहोचला म्हणजे दप्तराचे काम झाले. मेलेल्या माणसाचे नाव शुद्ध लिहिले आहे की नाही, याची वरिष्ठांना फारशी फिकीर असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे अशा जुन्या वह्यांत मृताच्या नावाऐवजी ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याचा मुलगा’ एवढाच उल्लेख सापडला, तर नवल करू नये. शिवाय जुन्या वह्यांत मोडी लिपी असेल, तर नक्कल मिळूनही ती वाचून देणारा मनुष्य शोधत हिंडावे लागते.

तरीही त्या वह्यांचे मोल किती आहे, याचा प्रत्यय 2023 साली आला. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यातील कचेऱ्याकचेऱ्यांतून हे गाव नमुने बाहेर काढले गेले, मोडीच्या जाणकारांना बोलावणी गेली. साथीचा हिशेब ठेवताना जातीच्या रकान्यात कारकुनाने ओढलेले एखादे तोकडे अक्षर शंभर वर्षांनी पणतवाच्या हक्काचा पुरावा ठरू लागले. ज्याने ते लिहिले त्याला याची स्वप्नातही कल्पना नसेल.

आजची व्यवस्था 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमावर उभी आहे, आणि तिच्यात नोंद ऐच्छिक राहिलेली नाही. मृत्यू घरी झाला तर खबर देण्याचे कर्तव्य कुटुंबप्रमुखाचे, रुग्णालयात झाला तर तेथील प्रमुखाचे. मुदत 21 दिवसांची. खेड्यात हे निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे असते. मुदतीत खबर दिली तर पहिला दाखला विनामूल्य मिळतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. 21 दिवस उलटून गेले पण 30 झाले नाहीत, तर विलंबशुल्कावर भागते. त्यानंतर वर्षाच्या आत असाल तर नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष लोटले म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून निबंधकाला लेखणी उचलता येत नाही. पूर्वी हा अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा होता. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी वा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांजकडे आला आहे. एखादी नोंद मुळातच झालेली नसेल तर ती नाही असा लेखी दाखला निबंधकाकडून घ्यावा. पुढच्या अर्जाला तोच लागतो, आणि तोंडी नकाराला कोणत्याही कचेरीत किंमत नाही.

आता नक्कल. कायद्याने नोंदवहीचा शोध घेवविण्याचा आणि नोंदीचा उतारा मिळविण्याचा हक्क कोणाही व्यक्तीस दिला आहे. त्यासाठी शुल्क भरावे लागते, परंतु कोणाची मेहेरबानी संपादन करावी लागत नाही. अलीकडच्या नोंदींचा दाखला संगणकावरून निघतो. जुन्या गाव नमुन्यांसाठी मात्र तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, ज्याला आपले वडील मामलेदार कचेरीचे दप्तर म्हणत, तेथे अर्ज द्यावा लागतो. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लावावे लागते, आणि मिळालेल्या नकलेच्या तळाशी अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, ती कोणी केली आणि अस्सलाशी रुजवात कोणी घेतली, याची नोंद असते. ती रुजवातीची सही आणि शिक्का नीट उमटला आहे की नाही हे खिडकीवरच पाहून घ्यावे, कारण तिच्यावाचून तो कागद म्हणजे केवळ हस्ताक्षराचा नमुना.

एका बाबतीत कायद्याने दाखविलेली मर्यादशीलता मला मनापासून आवडते. मृत्यूच्या कोणत्याही दाखल्यावर मृत्यूचे कारण उघड करावयाचे नाही, असा त्याचा स्पष्ट निर्बंध आहे. कारण नोंदले जाते, सरकारच्या सांख्यिकीसाठी ते उपयोगी पडते, परंतु मयताच्या आजाराची चर्चा भाऊबंदांच्या बैठकीत दाखल्याच्या आधाराने होऊ नये, एवढे सौजन्य त्या कोरड्या कलमात आहे. विमा कंपनीला कारण हवे असेल तर तिने ते वैद्यकीय कागदांतून घ्यावे.

नक्कल मिळाल्यावर खरी भांडणे लागतात ती नावावरून. सातबाऱ्यावर आईचे नाव सखुबाई, आधार कार्डावर सखाबाई, आणि दाखल्यावर, खबर देण्यास गेलेल्या पुतण्याने घाईत सांगितल्यामुळे, घरात ज्या नावाने हाक मारीत ते जिजाबाई! वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेल्यावर, विकास सोसायटीच्या किंवा बँकेच्या कागदांवर सह्या करताना, या तीन बायका एकच होत्या हे सिद्ध करण्यासाठी मुलाला प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते. येथे पुष्कळ लोक नकलेत दुरुस्ती करून द्या असा हट्ट धरतात, जो कोणताही शहाणा कारकून मानणार नाही, आणि त्याने मानूही नये. अस्सलात जे आहे तेच नकलेत उतरले पाहिजे. दुरुस्ती व्हायची ती मूळ नोंदीत, पुरावे पाहून, आणि जुना मजकूर खोडून न टाकता समासात, निबंधकाच्या सहीतारखेसह. ती झाल्यावर नव्याने नक्कल मागावी. वेळ जातो हे खरे, पण जमिनीच्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावयाची असते हे लक्षात घेऊन हे काम लवकर सुरू केले, तर पुढची पिढी तालुक्याच्या पायऱ्या झिजवीत राहणार नाही.

आपल्याकडे मयताच्या घरी सारे सोयरेधायरे बसावयास येतात, दशक्रिया होते, गंधमुक्तीचा दिवस ठरतो, पत्रिका छापल्या जातात, आणि त्या पत्रिकेत नाव, तिथी, वार बिनचूक असावे म्हणून दहा जण तपासतात. गंधमुक्ती आटोपते तेव्हाही कायद्याच्या 21 दिवसांपैकी आठवडाभर तरी हातात असतो. शोकात असलेल्या मुलाने त्या वेळी कचेरीत जावे अशी अपेक्षा करू नये. जमलेल्यांपैकी ज्याला लिहितावाचता चांगले येते अशा एका जावयाने किंवा भाच्याने मयताचे आधार कार्ड व सातबारा समोर ठेवून, त्यावरून अक्षर न् अक्षर जुळवून खबर द्यावी आणि दाखला हाती आल्याबरोबर तेथेच वाचून पाहावा.

आणि ज्यांना आजोबापणजोबांची जुनी नोंद शोधावयाची आहे त्यांनी अर्जात गाव आणि साल अवश्य लिहावे. साल ठाऊक नसेल तर प्लेगच्या आधी की नंतर, स्वातंत्र्याच्या आधी की नंतर, असे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून निदान दोन सालांच्या मधली मर्यादा तरी घालून द्यावी. शोधाचे शुल्क वर्षागणिक आकारले जाते, तेव्हा तेही त्यामुळे कमी पडते, आणि ‘सापडत नाही’ हे उत्तर देणे समोरच्याला तितकेसे सोपे राहत नाही.