काचपात्रातली कातडी



कातडीवर व्याख्यान ते काय द्यायचे, असे कुणास वाटेल. कातडीची आठवण होते ती खरचटल्यावरच! पण खरचटलेल्या जागी चार दिवसांनी नवी कातडी धरते, ती येते कोठून? बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी एकसारख्या विभागत असतात. त्या वर सरकतात, चपट्या होतात, मरतात, आणि काही आठवड्यांत कोंडा होऊन गळून पडतात. हा व्यवहार देहाबाहेर चालवता येईल काय, हा आजचा प्रश्न.

पुष्कळ दिवस तो सुटेना. काचपात्रात त्वचेच्या पेशी फार काळ टिकत नसत, आणि दुसऱ्याच पेशी तणासारख्या माजत. 1975 साली अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड ह्यांनी वाट दाखवली. ते खरे म्हणजे उंदराच्या एका गाठीचा अभ्यास करीत होते; तीत त्यांना त्वचेसारख्या पेशी वाढताना दिसल्या. मग त्यांनी किरणांचा मारा करून विभाजन थांबवलेल्या उंदराच्या पेशी खाली पसरल्या आणि त्यांवर माणसाच्या त्वचेच्या पेशी ठेवल्या. खालच्या पेशी म्हणजे जणू दाईच: स्वतः वाढत नाहीत, दुसऱ्याचे लेकरू वाढवतात.

भाजलेल्या रोग्यांना ह्या विद्येचा लाभ झाला. पण संशोधनासाठी खरी त्वचा हवी, तर आणखी एक गोष्ट लागते: हवा. पेशींचा थर खालून पोषक द्रवावर आणि वरून हवेत उघडा ठेवला की, थरावर थर चढून वरचा कठीण पापुद्रा तयार होतो. आपली कातडीही अशीच जगते. खालून रक्ताचे पोषण, वरून वारा.

आता ह्याचा उपयोग पाहा. 1944 साली ड्रेझ ह्यांनी सशाची कसोटी प्रसिद्ध केली. सशाच्या पाठीचे केस काढायचे, पदार्थ लावायचे आणि कातडी किती लाल होते ते पाहायचे. आज तोच पदार्थ वाढवलेल्या त्वचेवर थोडा वेळ ठेवून धुतात. पुढे तीत एक पिवळा रंग सोडतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जांभळेपणा निरोगी त्वचेच्या निम्म्यावर किंवा त्याखाली उतरला, तर पदार्थ दाहक ठरतो. 2010 साली ही कसोटी आंतरराष्ट्रीय नियमांत आली. 2014 साली आपल्या देशाने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी घातली.

मग सशाची सुटका झाली, असे म्हणून टाळ्या वाजवाव्यात काय? आम्ही म्हणतो, जरा थांबावे. ह्या कातडीला रक्तवाहिन्या नाहीत, घाम नाही, मज्जातंतू नाहीत. पदार्थ कातडीला झोंबतो का, एवढे ती सांगेल. तो यकृताला काय करील, हे तिला कसे कळावे? जेवढे तिला विचारता येते तेवढेच विचारावे, आणि तेवढ्यापुरता तरी मुका जीव वाचवावा.

आणखी एक ऋण आहे. ह्या पेशी आकाशातून पडत नाहीत. शस्त्रक्रियेत काढलेला, एरवी टाकून दिला गेला असता असा कातडीचा तुकडा कुणीतरी संशोधनाला देतो. त्यास विचारून, त्याच्या संमतीनेच तो घ्यावयास हवा. सशावर दया आणि माणसाला गृहीत धरणे, हा न्याय नव्हे. एवढे आपण ध्यानी ठेवावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.